कुत्रं पलंगावर, पलंगपोस दोरीवर

मागच्या अंकात गाद्यांच्या खोळींबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत खोळीपेक्षा घरातल्या कुत्र्याचाच विषय जास्त निघाला, म्हणून या वेळी सगळी जागा त्या पत्रांनाच दिली आहे. माझं आर्वीला खोळी, अभ्रे, पडदे शिवण्याचं दुकान आहे आणि घरी वाघ्या नावाचं गावठी कुत्रं आहे, जे दिवसा ओसरीत आणि थंडीत रात्री माझ्या पायाशी असतं. त्यामुळे कापडाचं आणि कुत्र्याचं, दोन्हीचं मला ठाऊक आहे ते सांगते. पत्रं मोठी होती, ती थोडक्यात दिली आहेत.

मुलानं पुण्याहून लॅब आणला होता. त्याची नोकरी बदलली आणि ब्रुनो कायमचा आमच्याकडे आला. सासरे त्याला जवळ घेऊनच झोपतात. आठवडी बाजारातून मऊ म्हणून मायक्रोफायबरच्या चादरी आणल्या, तर केस निघता निघत नाहीत आणि नखांनी ठिकठिकाणी धागे उसवले. सासूबाई म्हणतात, 'कुत्र्याले गादीवर कायले चढोता?' तालुक्याच्या दुकानात एक महागडं वॉटरप्रूफ पलंगपोस दाखवलं. घ्यावं का? आमचं धुणं हातानं, बोअरच्या पाण्यावर असतं.
– एक गृहिणी, ता. दारव्हा

ताई, ते महागडं पलंगपोस घेऊ नका. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते शेवटचं वाक्य. धुणं हातानं आणि बोअरच्या पाण्यावर. दुकानदार मजबुती दाखवतो, पण ते कापड ओलं झाल्यावर पिळणार कोण, हे तो विचारत नाही.

हिशोब करून बघा. डबल बेडचं पलंगपोस ९० बाय १०० इंचाचं धरलं तर कापड जवळजवळ पावणेसहा चौरस मीटर भरतं. कापडाचं वजन जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम. साधी सुती चादर १३० जीएसएमची असेल तर अख्खी चादर पाऊण किलोची. तेच जाड डेनिममध्ये, ३४० जीएसएममध्ये शिवलं की कोरडंच दोन किलो. हातानं पिळलेलं सुती कापड आपल्या वजनाइतकं, कधी त्याहून जास्त पाणी धरून ठेवतं. म्हणजे दोरीवर टाकताना चार-पाच किलो दोन हातांवर. असं पलंगपोस आठवड्यातून दोनदा कोणी धूत नाही. मग ते महिनाभर तसंच राहतं, वास मारतं, आणि दोष मात्र कुत्र्यावर येतो.

म्हणून माझं सांगणं असं, की पलंगपोस साधंच ठेवा आणि ब्रुनोच्या जागेपुरता वेगळा वरचा कपडा करा. ६० इंच पन्ह्याचं कापड दीड मीटर घ्या. चौकोनी तुकडा होतो, लॅबसारखं मोठं कुत्रंही त्यावर पाय पसरून मावतं. २५० जीएसएमच्या कापडात त्याचं वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर जातं. ओला झाला तरी एका हातानं बादलीतून उचलता येतो. असे तीन शिवून घ्या. एक पलंगावर, एक दोरीवर, एक कपाटात. खालचं मोठं पलंगपोस मग आठवड्यानं धुतलं तरी चालतं.

आता कापड कोणतं? कुत्र्याच्या नखांपुढे जाडीपेक्षा वीण महत्त्वाची. उभा-आडवा धागा घट्ट बसलेला असेल तर नखाला शिरायला जागा मिळत नाही. त्यासाठी केसमेंट चांगलं, पडद्यांना वापरतात ते. शाळेच्या खाकी पँटीचं सुती ड्रिल त्याहून चांगलं, कारण ते तिरप्या विणीचं असतं, घासलं तरी लवकर झिजत नाही. हलकं डेनिमही चालेल. टॉवेलचं टर्किश, मखमलीसारखं शेनिल आणि बनियनसारखं होजिअरीचं कापड कुत्र्याच्या पलंगावर नकोच. टर्किशच्या फासात नख अडकलं की कुत्रं घाबरून पाय ओढतं, लांबलचक धागा बाहेर येतो आणि नखाच्या मुळाला दुखापत होते ती वेगळीच. झोपायच्या आधी कुत्रं गोल फिरून, पंजांनी कापड उकरूनच बसतं. तो त्याचा स्वभाव आहे, ओरडून जाणार नाही. कापडानंच ते सोसायला हवं.

मायक्रोफायबरबद्दल तुमचा अनुभव बरोबर आहे. ते पॉलिस्टरचं बारीक सूत. थंडीच्या कोरड्या हवेत घासलं की त्यात वीज साठते आणि केस चिकटून बसतात. सुती कापडात हे फार कमी होतं. पण सुती म्हटलं म्हणजे झालं, असंही नाही. विरळ विणीच्या सुती कापडात आखूड, ताठ केस सुईसारखा आरपार जातो आणि उलट्या बाजूनं बोटांना टोचतो. लॅबचे आणि आपल्या गावठी कुत्र्यांचे केस असेच असतात. पॉमेरियनचे लांब केस वरच राहतात, ते झटकून जातात.

दुकानात जाताना एक काम करा. ब्रुनोला विंचरून निघालेले थोडे केस काडेपेटीच्या रिकाम्या डबीत भरून न्या. कापडाच्या कोपऱ्यावर ते टाकून तळहातानं जोरात चोळा आणि मग कापड एकदा झटका. किती राहिले ते समोर दिसतं. नंतर तेच कापड दाराच्या उजेडात धरा. भोकांतून पलीकडचं स्पष्ट दिसलं तर ते ठेवून द्या. आणि नखानं एकदा तिरपं ओढून पाहा, धागा सरकून रेघ पडली तर तेही नको. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या, पैसे तुमचे आहेत. मोठी खरेदी असेल आणि नागपूरला जाणं होत असेल तर गांधीबागेत ठोक भावाची दुकानं आहेत, तिथे तागा उलगडून दाखवतात. पाकीटबंद चादरीवर छापलेल्या हजार थ्रेड काउंटच्या, म्हणजे एका चौरस इंचात किती धागे त्याच्या, आकड्याला भुलू नका. दोन-तीन धागे एकत्र पिळून प्रत्येक वेगळा मोजला की आकडा वाढतो, कापड मजबूत होत नाही. दोनशेच्या आसपासचं, एकेरी सुताचं घट्ट कापड पुष्कळ वर्षं जातं.

रंग कुत्र्याच्या रंगाचा घ्या. फिक्या लॅबला बदामी किंवा गव्हाळ. पांढऱ्यावर आपली काळी माती दिसते आणि गडद निळ्यावर त्याचा एकेक केस. बारीक चौकड्यांत दोन्ही लपतं.

शिवताना दोरा पॉलिस्टरचा वापरायला सांगा. सुती दोरा ओलाव्यानं आणि उन्हानं लवकर कुजतो, मग कापड शाबूत आणि शिवण उसवलेली, असं होतं. कडा आत दुमडून दोनदा शिलाई, जीन्सच्या पायाला असते तशी. लेस, झालर, टिकल्या, बटणं काही नको, कुत्रं चावून गिळतं. चारी कोपऱ्यांना नाड्या लावून पलंगाच्या पायाला बांधा. इलॅस्टिक उकरण्यानं निघतं आणि उन्हात वाळवून वाळवून सैल पडतं. आणि शिवायच्या आधी कापड एकदा भिजवून वाळवा, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. रंग जातो म्हणून मीठ-तुरटीच्या पाण्यात ठेवायची पद्धत आहे, हल्लीच्या रंगांना त्याचा उपयोग होत नाही. पहिली दोन धुणी वेगळी करा, जायचा तो रंग जाऊन थांबतो.

आता तुमचं बोअरचं पाणी. जड पाण्यात साबणाचा फेस होत नाही, उलट पांढरट चोथा कापडात बसतो, कापड कडक होतं आणि त्या चोथ्याला केस धरून राहतात. म्हणून साबणाच्या वडीऐवजी पावडर वापरा आणि बादलीत आधी चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. पाणी हलकं होतं. जमलं तर शेवटचं खळबळणं पावसाच्या साठवलेल्या पाण्यात. सुगंधी सॉफ्टनर मात्र नको. त्याचा थर बसतो, कापड पाणी शोषत नाही आणि त्या तीव्र वासानं कुत्रं शिंकतं, अंग खाजवतं.

चिखल लागला तर ओल्यावर हात फिरवू नका. काळी माती फार बारीक कणांची, ओली चोळली की धाग्याच्या आत जाऊन बसते. पूर्ण वाळू द्या, काथ्याच्या ब्रशनं झाडा, मग थंड पाण्यात भिजवा. केसांचंही तसंच, धुण्याआधी काढायचे. कपडा कोरडा असताना दोरीवर टाकून काठीनं झोडपा, उरलेल्यांवर भांडी घासायचा रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेनं फिरवा. केसांची वळकटी होऊन निघते. हे मी रोज दुकानात गिऱ्हाइकांना करून दाखवते आणि प्रत्येक बाई घरी जाऊन करते.

राहिल्या सासूबाई. त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. जन्मभर ज्यांनी सोवळं-ओवळं आणि घराची स्वच्छता सांभाळली, त्यांना गादीवर कुत्रं पाहून त्रास होणारच. पण ब्रुनोचा कपडा वेगळा, त्याची बादली वेगळी, हे त्यांच्या डोळ्यांसमोर रोज झालं की पुष्कळ फरक पडतो. सासऱ्यांच्या कुशीतून त्याला उठवू नका. म्हाताऱ्या माणसाला रात्री कुशीतल्या जिवाचा किती आधार असतो, ते उठवल्यावर कळतं.

चिखलदऱ्याजवळ आश्रमशाळेत शिकवतो. क्वार्टरमध्ये एक कुत्री आणि तिची दोन पिल्लं. जाड केसमेंटचं पलंगपोस शिवलं, पण पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही आणि कुबट वास येतो.
– एक शिक्षक, मेळघाट

सर, वर दारव्ह्याच्या ताईंना जे सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. खाली मैदानात ऊन आहे. तुमच्याकडे हजार मीटरहून जास्त उंची, जून ते सप्टेंबर ढग घरात येतात. तिथे टेरीकॉटच योग्य. सूत आणि पॉलिस्टर मिसळलेलं कापड पाणी कमी धरतं, घरात पंख्याखाली एका रात्रीत वाळतं. केस थोडे जास्त चिकटतील, ते सोसा. कुबट वास आलेला कपडा नुसता वाळवून वास जात नाही, बुरशी आतच असते. सोडा घालून गरम पाण्यात पुन्हा धुवा आणि अर्धवट वाळल्यावर इस्त्री फिरवा. ऑक्टोबरपासून खुशाल केसमेंट काढा.

आजीनं तिच्या लुगड्यांची शिवलेली गोधडी आमच्या मोतीनं स्वतःची करून टाकली आहे. आजी गेल्यापासून तो तीच ओढून नेतो. एका बाजूचे टाके उसवलेत. त्याच्याकडून घ्यायला जीव होत नाही आणि फाटताना पाहवतही नाही.
– बारावीतली विद्यार्थिनी, आर्णी

बाळा, त्याच्याकडून घेऊ नकोस. पण गोधडी उघडी ठेवू नकोस.

आजीच्या गोधडीला धावदोरा असतो. एकाच दोऱ्याची लांब ओळ, टाका वर, टाका खाली. म्हणून नखानं एक टाका तुटला की ती अख्खी ओळ हळूहळू सुटत जाते. मशीनच्या शिलाईत दोन दोरे एकमेकांना अडकलेले असतात, तिथे असं होत नाही. तू एवढं कर: उसवलेल्या ओळीचं टोक शोध, थोडं मागे जाऊन जुन्या टाक्यावरूनच नवा दोरा सुरू कर आणि वीतभर गेल्यावर एक गाठ मार. मग पुन्हा वीतभर, पुन्हा गाठ. पुढे कधी तुटलं तरी वीतभरच सुटेल. आजीच्या टाक्यांची लांबी नीट पाहा, तुझा टाका तेवढाच घाल. जुनं लुगडं विरलं असेल तिथे सुईनं ओढू नको, कापड फाटतं. त्या जागी मऊ धोतराचा तुकडा वरून लाव.

मग तिला मांजरपाटाची खोळ शिव. मांजरपाट आधी धुवून घे, त्याला खळ असते. खोळीचं तोंड एका बाजूनं पूर्ण उघडं ठेव आणि नाड्या लाव, चेन नको. मोतीला वास हवा आहे. खोळीतूनही तो येतो, पण पहिले काही दिवस त्याला पटणार नाही. खोळ त्याच्या जागेवर नुसती पडू दे, त्याला हुंगू दे, मग गोधडी आत घाल.

गोधडी वर्षातून एकदाच धू, नवतप्याच्या आसपास, मे संपता संपता. तेव्हा आपल्याकडे पारा ४५ पर्यंत जातो आणि सकाळी धुतलेली गोधडी संध्याकाळी कोरडी होते. मोठ्या घमेल्यात सौम्य पावडरच्या पाण्यात तासभर भिजव, पायांनी हळू तुडव, पिळू नको. दोरीवर टाकू नको, ओल्या गोधडीचं सगळं वजन मधल्या टाक्यांवर येऊन ते तुटतात. बाजेवर पसर, खालून हवा लागते. एक बाजू वाळली की उलटव. खोळ मात्र दर आठवड्याला धुवायची.

आणि आजीची आणखी लुगडी ट्रंकेत असतील तर मोतीसाठी एक छोटी गोधडी तूच शीव. तीन फूट बाय तीन फूट, थर तीनच, जास्त थरांची वाळत नाही. चौकातल्या कुठल्याही आजीबाईला विचार, ती तुला बसवून शिकवेल. ही विद्या हातातून हातातच जाते.

जागलीसाठी शेतात दोन कुत्री आहेत. थंडीत खाटेवरच झोपतात. गोचिडी फार झाल्या, मलाही चावल्या. कपाशीवरचं औषध पाण्यात घालून चादर आणि वाकळ त्यात भिजवावी का? शेजारचे करतात.
– एक शेतकरी, ता. राळेगाव

दादा, नाही. अजिबात नाही, आणि शेजाऱ्यांनाही आजच सांगा.

२०१७ च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर गेले. ते तुमच्या जवळपासच घडलं आहे. ती औषधं श्वासातून जातात तशी कातडीतूनही अंगात भिनतात. त्यात भिजवलेल्या चादरीवर तुम्ही रात्रभर घामाघूम अंगानं झोपणार, आणि कुत्रं तर स्वतःचं अंग चाटतं. दोघांच्याही जिवाशी खेळ आहे. फवारणीचे कपडे खाटेवर, दावणीवर, कुठेही टाकून ठेवू नका. कुत्र्याला मालकाचा वास असलेला कपडा हवा असतो, ते त्यावरच जाऊन झोपतं. ते कपडे वेगळे ठेवा, वेगळ्या पाण्यात धुवा. खताची, बियाण्याची रिकामी पोतीही अंथरू नका. बियाण्याला पुष्कळदा औषध चोळलेलं असतं, ते पोत्यात उरतं.

आता गोचीड. मादी रक्त पिऊन टम्म फुगली की कुत्र्यावरून खाली पडते आणि फटीत जाऊन हजारोंनी अंडी घालते. भिंतीच्या भेगेत, खाटेच्या सांध्यात, सुतळीच्या पेडांत, वाकळीच्या शिवणीत. त्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात, डोळ्यांना धुळीसारखी दिसतात. म्हणजे चादर एकदा धुतली आणि काम झालं, असं होत नाही. थंड पाण्यात गोचीड सहज मरतही नाही, तिला उष्णता लागते. पूर्वी परीट कपड्यांना भट्टी लावत, तेच करा. सुती चादर चुलीवरच्या पातेल्यात उकळा. म्हणूनच शेतातल्या खाटेला शंभर टक्के सुती, न रंगलेलं कापडच हवं, ते उकळी सोसतं. टेरीकॉट उकळीत चुरगळून बसतं आणि रेक्झिन खराब होतं. वाकळ उकळता येत नाही, ती मे महिन्याच्या दुपारी टिनावर पसरा आणि दोन्ही बाजू तापू द्या. खाटेच्या सांध्यांत आणि सुतळीवर उकळतं पाणी ओता. हे आठवड्याला एकदा, सलग दोन महिने, कारण अंडी मागेपुढे फुटत राहतात.

पण कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी गेल्याशिवाय यातलं काही पुरणार नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. मानेवर टाकायचे थेंब किंवा खायच्या गोळ्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे देतात. गोचीड बोटांनी चिरडू नका, चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. कुत्रं सुस्त पडलं, खात नाही, हिरड्या फिक्या पडल्या किंवा लघवी लाल झाली तर थांबू नका, तो गोचीडताप असू शकतो. तुम्हाला चावल्यावर ताप आला तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आठवणीनं सांगा.

कुत्री चौदा वर्षांची झाली आहे. झोपेत लघवी होते. गादी वाया चालली.
– निवृत्त कर्मचारी, हिंगणघाट

काका, तिला आधी डॉक्टरांना दाखवा. म्हातारपणी मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा मधुमेह असतो, कधी औषधानं बरंच थांबतं.

पलंगासाठी थर लावा. गादीवर जलरोधक थर, त्यावर जुनी सुती चादर चौपदरी, वर तिचा कपडा. जलरोधक म्हणजे रेक्झिन किंवा प्लास्टिक नव्हे. हिंगणघाटच्या उन्हाळ्यात त्यावर झोपणं कुत्र्यालाही शक्य नाही, खाली ओल साचते आणि तिच्या कोपरांना, पोटाला फोड येतात. कापडाच्या पाठीला टीपीयूचा, म्हणजे रबरासारखा लवचिक, पातळ थर लावलेले गादीचे संरक्षक कव्हर मिळतात, ते आवाज करत नाहीत आणि इतके तापत नाहीत. ते उकळायचे नाहीत, इस्त्री करायची नाही, ब्लीच घालायचं नाही, आणि भर उन्हात नाही तर सावलीत वाळवायचे. थर सोलून निघाला की पाणी अडत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी वरून तांब्याभर पाणी ओतून तपासा.

लघवीचा कपडा लगेच थंड पाण्यात टाका. आधीच गरम पाणी घातलं तर डाग आणि वास पक्का बसतो. थंड पाण्यात दोनदा खळबळून मग पांढरं व्हिनेगर अर्धी वाटी बादलीभर पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, नंतर एन्झाइमवाल्या पावडरनं धुवा. फिनाइल नको, ते कुत्र्यांना विषारी आहे. ब्लीच तर लघवीच्या कपड्यावर किंवा व्हिनेगरबरोबर कधीच नको, विषारी वायू निघतो, बंद न्हाणीघरात तो घुसमटवतो.

चौदा वर्षांच्या जिवाला ओरडू नका, तिला कळतही नाही काय झालं ते. रात्री उशिरा एकदा अंगणात नेऊन आणा.

बाळाचे कपडे आणि कुत्र्याची चादर मशीनमध्ये एकत्र चालतील का? कुत्र्याच्या कानाजवळ केस जाऊन गोल चट्टा पडला आहे.
– एक आई, साकोली

एकत्र नको. तो गोल चट्टा गजकर्णाचा असू शकतो आणि ते कुत्र्याकडून बाळाला होतं. डॉक्टर पाहीपर्यंत कुत्र्याला बाळाच्या अंथरुणावर येऊ देऊ नका. चादरी वेगळ्या, दोनदा, मशीन गच्च न भरता सगळ्यात लांब चक्रावर धुवा. केस वाहून गेले पाहिजेत, त्यांनाच बुरशी चिकटलेली असते. नंतर जाळी काढून साफ करा.

वर्ध्याची खादी कुत्र्याच्या पलंगाला कशी राहील?
– एक वाचक, पवनार

खादीवर माझं फार प्रेम आहे. १९३८ साली वर्ध्यात सुरू झालेल्या मगन संग्रहालयातली नैसर्गिक रंगांची खादी मी स्वतःच्या पलंगावर वापरते. पण कुत्र्याच्या वरच्या कपड्याला ती देऊ नका. हातसुताला पीळ सगळीकडे सारखा नसतो, वीण मोकळी असते, नख अडकतं. शिवाय वारंवार सोड्यात धुतल्यावर वनस्पतींचे रंग टिकत नाहीत. ज्या हातांनी ते सूत कातलं त्यांच्या कामाचं असं होऊ नये. खाली खादी अंथरा, वर ड्रिलचा तुकडा.

हिवाळ्यात ट्रंकेतल्या चादरी काढल्या की आमचं कुत्रं त्यावर बसून शिंकतं. का?
– एक वाचक, उमरेड

ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत का? बहुतेक असतीलच. तो वास आपल्याला सवयीचा, कुत्र्याच्या नाकाला तो फार जड जातो. आणि एखादी गोळी घडीतून निसटून जमिनीवर पडली आणि त्यानं खाल्ली तर रक्ताला आणि यकृताला इजा होते, लहान कुत्रं दगावूही शकतं. गोळ्या आजच काढून टाका, लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठीही हेच. त्याऐवजी सावलीत पूर्ण वाळवलेला कडुलिंबाचा पाला जुन्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून घड्यांमध्ये ठेवा. पाला ओलसर राहिला तर कापडाला डाग पडतात, तो हातात चुरून पाहूनच बांधा. सध्याच्या चादरी धुवून दोन-तीन दिवस कडक उन्हात राहू द्या, गोळ्यांचा वास पूर्ण गेला की मगच त्या अंथरा.